मुलांच्या उन्हाळी शिबिरात मिशन टीमबरोबर पहिल्यांदाच जात आहे, दोन शंका

नवखी_सेविका

सर्वांना प्रभू येशूच्या नावाने सलाम.

येत्या उन्हाळ्यात आमच्या मंडळीची मिशन टीम मुलांसाठी लागोपाठ दोन शिबिरे घेणार असून या वेळी टीममध्ये माझेही नाव आहे. पहिले शिबिर पाच दिवसांचे आहे. मुले सकाळी येतील, दुपारी घरी जातील आणि त्यांत ख्रिस्ती नसलेल्या घरांतील मुलेही बरीच असतील. दुसरे सात दिवसांचे निवासी शिबिर ९ ते १२ वयाच्या मुलांसाठी आहे. संडे स्कूलमध्ये मी दोन वर्षे शिकवले आहे, परंतु आठवड्यातून एक तास दहा ओळखीची मुले सांभाळणे वेगळे आणि सात दिवस, सात रात्री चाळीस अनोळखी मुलांबरोबर राहणे वेगळे, एवढे मला कळते; म्हणूनच लिहीत आहे.

पहिली शंका साधी आहे. टीममधील प्रत्येकाला काही ना काही येते. कोणी गिटार वाजवते, कोणी बाहुल्यांचा खेळ करते, एक दादा तर गोष्ट सांगू लागले की मोठी माणसेही जागची हलत नाहीत. मला सूर लागत नाही, हावभाव गीतांत माझे हात नेमके सर्वांच्या उलट दिशेला जातात आणि चार माणसांसमोर उभी राहिले की तोंडपाठ वचनही आठवत नाही. अशा व्यक्तीने टीममध्ये जाऊन करावे तरी काय?

दुसरी शंका मांडायला अवघड आहे. शेवटच्या संध्याकाळी दिवे मंद करून, हळू आवाजात गीत सुरू ठेवून, ‘ज्यांना येशूला आपल्या जीवनात घ्यायचे आहे त्यांनी हात वर करावा’ असे आवाहन करण्याची आमच्याकडे पद्धत आहे आणि वर झालेल्या हातांचा आकडा नंतर मंडळीत अहवालात वाचला जातो. लहानपणी मी तीन शिबिरांत तीन वेळा हात वर केला होता. पहिल्या वेळी मला खरोखर काहीतरी जाणवले होते, दुसऱ्या वेळी पहिल्या वेळचे ‘लागू झाले’ की नाही याची भीती वाटत होती आणि तिसऱ्या वेळी शेजारच्या मैत्रिणीने हात वर केला म्हणून मीही केला. आता तेच आवाहन मुलांसमोर करणाऱ्यांत मी उभी असेन. नियोजनाच्या बैठकीत हे बोलावे का, की पहिल्याच वर्षी असे बोलणे आगाऊपणाचे ठरेल?

तेरा_उन्हाळे

ताई, सलाम. १३ उन्हाळे शिबिरांत काढले आहेत आणि त्यांपैकी शेवटची सहा शिबिरे चालवण्याची जबाबदारी माझ्यावर होती, म्हणून पहिल्या शंकेचे उत्तर मी देते. दुसरीवर माझ्याहून अधिक विचार केलेली माणसे येथे आहेत.

व्यासपीठावरचा भाग हा शिबिराच्या दिवसातील जेमतेम दोन तासांचा असतो. निवासी शिबिरात उरलेले बावीस तास कोणीतरी सांभाळायचे असतात आणि टीम निवडताना मी त्या बावीस तासांसाठी माणसे शोधते. रात्री दोन वाजता अंथरूण ओले केलेल्या मुलाला इतर कोणाला कळू न देता कपडे बदलून देणारा, रांगेत नेहमी शेवटी राहणाऱ्या मुलीशेजारी काही न बोलता जाऊन बसणारा, सहल संपवून निघताना डोकी मोजणारा आणि एक कमी भरले तर लाज न बाळगता पुन्हा मोजणारा माणूस मला हवा असतो. गिटारवाला मिळतो हो, मोजणारा मिळत नाही.

तुम्ही एक काम आजपासून करू शकता. ज्या आठ-दहा मुलांचा गट तुमच्याकडे येणार आहे, त्यांची नावे आधी मागून घ्या, पाठ करा आणि त्यांच्यासाठी नावानिशी प्रार्थना करा. पहिल्या दिवशी दुपारच्या आत प्रत्येक मुलाला त्याच्या नावाने हाक मारता आली, तर निम्मी शिस्त आपोआप लागते. आमच्या एका शिबिरात फार दंगा करणारा एक मुलगा होता. त्याला सगळे ‘ए’ किंवा ‘अरे तू’ म्हणत असत आणि त्याचे नाव आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते, हे तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले. दंगा त्याचा होता, पण चूक आमची होती.

गटाबरोबर वचन पाठ करून घेणे, गोष्टीनंतर चर्चा घडवणे हे बहुधा तुमच्याकडे येईल. त्यासाठी वक्तृत्व लागत नाही. ‘गोष्टीतला कोण तुला आवडला नाही?’ असा एखादा प्रश्न विचारून गप्प बसता आले पाहिजे. नवीन शिक्षकांना ती शांतता सोसवत नाही आणि ते स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. दहापर्यंत मनात मोजा. सातव्या-आठव्या आकड्याला कोणीतरी बोलतेच.

आता सुरक्षेविषयी, येथे मी थोडी कडक बोलणार आहे. कोणताही प्रौढ कोणत्याही मुलाबरोबर बंद दाराआड एकटा राहणार नाही, मग तो पाळक असो, टीमचा प्रमुख असो किंवा तुमचा सख्खा भाऊ असो. समुपदेशन, प्रार्थना, समज देणे हे सर्व इतरांना दिसेल अशा जागी व्हावे. ऐकू आले नाही तरी चालेल, दिसले पाहिजे. किती मुलांमागे किती मोठी माणसे असावीत याचा अंदाज हवा असेल, तर ब्रिटनमधील एनएसपीसीसी ही बालसंरक्षण संस्था ४ ते ८ वयोगटासाठी सहा मुलांमागे किमान एक, ९ ते १२ साठी आठ मुलांमागे एक आणि १३ ते १८ साठी दहा मुलांमागे एक प्रौढ सुचवते; आणि मुले कितीही कमी असली तरी प्रौढ किमान दोन असावेत असेही सांगते. तुमच्या चाळीस मुलांसाठी याचा अर्थ मुलांबरोबर प्रत्यक्ष राहणारे पाच जण असा होतो. त्यांत स्वयंपाक करणारे आणि हिशेब पाहणारे धरायचे नाहीत. मोजताना नेमकी हीच गफलत होते. माझ्या मते निवासी शिबिरात पाचही कमीच पडतात, कारण एखादे मूल आजारी पडले की एक माणूस त्याच्यापाशी अडकतो.

‘आपल्यात असे कोणी नाही’ हे वाक्य बैठकीत कोणी उच्चारले, तर त्यांना इंग्लंडमधील जॉन स्माइथ प्रकरण वाचायला सांगा. हा प्रतिष्ठित वकील ख्रिस्ती मुलांच्या उन्हाळी शिबिरांतील नेता होता आणि त्या शिबिरांतून ओळख झालेल्या मुलांना त्याने १९७० व १९८० च्या दशकांत अमानुष मारहाण केली. १९८२ मध्येच मंडळीतील काही ज्येष्ठांच्या हाती या छळाचा लेखी अहवाल आला होता, परंतु तो पोलिसांकडे गेला नाही. स्माइथ पुढे झिंबाब्वेला गेला आणि तेथेही त्याने मुलांची शिबिरे चालवली. २०१८ मध्ये खटला न चालताच तो मरण पावला. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, या प्रकरणाच्या चौकशीच्या मेकिन अहवालाने शंभराहून अधिक मुले व तरुण त्याचे बळी ठरल्याचा निष्कर्ष काढला आणि त्यानंतर काही दिवसांतच चर्च ऑफ इंग्लंडचे प्रमुख धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. शिबिरे, प्रार्थना, वचन-अभ्यास सर्व काही तेथे होते; दार उघडे ठेवण्याची आणि बाहेर कळवण्याची रीत मात्र नव्हती. मत्तय १८:६ मधील जात्याच्या तळीचे वचन (लहानग्याला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात ती बांधून त्याला समुद्रात बुडवणे बरे, असे सांगणारे) आपण लहान मुलांना शिकवत नाही, पण टीमच्या पहिल्या बैठकीत मी तेच वाचते.

आणखी एक, विषय सोडून: निवासी शिबिराला जाण्यापूर्वी एक आठवडा नीट झोपा. चौथ्या दिवशी सर्वांचा स्वभाव चिडका होतो आणि तेव्हा टीममधील भांडणे मुलांच्या लगेच ध्यानात येतात. थकून आलेल्या शिष्यांना प्रभूने एकांती नेऊन विसावा घ्यायला सांगितले होते (मार्क ६:३१), त्यामुळे दुपारी अर्धा तास पाठ टेकली तर कोणी तुम्हाला कमी आत्मिक समजणार नाही, आणि समजलेच तर समजू द्या.

निवृत्त_पाळक

बहिणीची दुसरी शंका आगाऊपणाची नाही, उलट ती वेळेवर आलेली आहे. बैठकीत अवश्य बोलावे. परंतु ‘आवाहन चुकीचे आहे’ अशी सुरुवात न करता आपल्या तीन हातांची गोष्ट, येथे सांगितली तशीच, सांगावी. त्या खोलीतील निम्म्या लोकांची तीच गोष्ट असेल.

या सेवेचा आरंभ कसा झाला हे पाहिले तर थोडा प्रकाश मिळतो. १८६८ च्या उन्हाळ्यात वेल्समधील लँडडनो येथील समुद्रकिनारी जोसाया स्पायर्स या तरुणाने वाळूवर ‘देव प्रीती आहे’ अशी मोठी अक्षरे काढली आणि तेथे खेळणाऱ्या मुलांना ती शिंपल्यांनी व समुद्रशेवाळाने सजवायला लावली. अक्षरे सजवून झाल्यावर त्याने त्यांना गोष्ट सांगितली. त्याच्या आदल्या वर्षी, १८६७ मध्ये, लंडनमध्ये मुलांसाठी सुरू झालेल्या त्याच्या सभांतून पुढे जी चळवळ उभी राहिली, तिलाच आज स्क्रिप्चर युनियन म्हणतात. पुढे १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या पूर्व भागात एलायझा हॉज या बाईंनी, उन्हाळ्यात रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी, जागा मिळेना म्हणून चक्क बिअर विकणारे एक सभागृह भाड्याने घेऊन बायबल शाळा भरवली. सुट्टीतील बायबल शाळा ज्याला आपण व्हीबीएस म्हणतो, तिच्या सुरुवातीच्या धाग्यांपैकी हा एक आहे. रॉबर्ट बोव्हिल यांनी १९०१ पासून त्याच शहरात अशा अनेक शाळा सुरू केल्या. दोन्ही ठिकाणी मूल जेथे होते तेथे मोठी माणसे गेली, त्याच्या हाताला काम दिले आणि मग बोलली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

आवाहनाविषयी माझे मत सांगतो. ते पटलेच पाहिजे असा आग्रह नाही. १ शमुवेल ३ मध्ये देवाने बाळ शमुवेलाला हाक मारली, तेव्हा तो तीन वेळा याजक एलीकडे धावत गेला. एली म्हातारा होता, त्याची दृष्टी मंदावली होती, स्वतःच्या मुलांच्या बाबतीत तो अपयशी ठरला होता, पण या एका रात्री त्याने केलेली गोष्ट प्रत्येक शिबिर-शिक्षकाने शिकावी अशी आहे. हाक देवाची आहे हे उमगल्यावरही त्याने शमुवेलाला आपल्यासमोर उभे करून काही वदवून घेतले नाही. त्याने त्याला परत निजायला पाठवले आणि पुन्हा हाक आली तर काय म्हणावे एवढेच सांगितले. उत्तर शमुवेलाने द्यायचे होते आणि तेही एली तेथे नसताना.

९ वर्षांच्या मुलाला मोठ्यांना खूश करायचे असते. सहा दिवस ज्या ताईने त्याची काळजी घेतली, तिच्या डोळ्यांत आशा दिसली की तो हात वर करील. उद्या दुसऱ्या ताईने दुसऱ्या कशासाठी हात वर करायला सांगितले तर तेही करील. म्हणून मंद दिवे, संथ संगीत आणि सर्वांच्या देखत उचललेला हात हे तीन एकत्र आणू नयेत. आम्ही पुढे असे केले: शेवटच्या दिवशी नव्हे, चौथ्या दिवशी सकाळी, लख्ख उजेडात, सुवार्ता सोप्या शब्दांत सांगायची आणि म्हणायचे की ज्याला याविषयी काही विचारायचे आहे, त्याने दुपारच्या मोकळ्या वेळेत झाडाखाली यावे, तेथे दोन शिक्षक बसलेले असतील. खेळ सोडून जे मूल आपल्या पायांनी तेथवर चालत येते, त्याला काहीतरी खरोखर विचारायचे असते. संख्या कमी झाली. मंडळीत अहवाल वाचताना आकड्याची जागा रिकामी राहू लागली, त्यावर एका वडीलधाऱ्यांनी मला चांगलेच सुनावलेही.

जाता जाता शब्दांवाचूनच्या पुस्तकाविषयी एक गोष्ट सांगतो. रंगीत पाने दाखवून तारण समजावण्याची ही कल्पना १८६६ मध्ये प्रसिद्ध उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांनी लंडनमध्ये वापरली तेव्हा काळा, लाल आणि पांढरा असे तीनच रंग होते. सोनेरी व हिरवा नंतर जोडले गेले. साधन सुटसुटीत आहे. पण एकदा काळे पान दाखवून ‘हे पापी हृदय’ असे मी म्हणालो, तेव्हा पुढच्या रांगेतील सावळ्या मुलीने आपल्या हाताकडे पाहिले. त्यानंतर मी ते पान ‘अंधार’ म्हणून दाखवू लागलो आणि लगेच पुढे विजेरी लावून दाखवतो. त्या मुलीला मी काय शिकवले, हे मला आजही ठाऊक नाही.

अकराव्या_वर्षी

पाळकसाहेबांचा आदर राखून थोडे वेगळे लिहितो. वयाच्या ११ व्या वर्षी, मंद दिव्यांत, संथ गीत चालू असताना, मी हात वर केला. आज मी ४० चा आहे आणि त्या संध्याकाळपासूनचा माझा प्रवास अखंड आहे, चढउतारांसहित. आमच्या घरी प्रार्थना नव्हती, मंडळी नव्हती. तो एक आठवडा नसता तर मला कोणी काही विचारलेच नसते. झाडाखाली चालत जाण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. मी लाजाळू होतो आणि डोळे मिटलेल्या खोलीत हात वर करणे एवढेच मला जमण्यासारखे होते. तेव्हा आवाहनाला खेळ किंवा दबाव म्हणून पूर्णपणे काढून टाकू नये. लाजाळू मुलासाठीही काही वाट असावी.

मात्र एक गोष्ट मान्य करतो. हात वर केल्यानंतर दोन वर्षे माझ्याकडे कोणीही आले नाही. टीम परत गेली, माझे नाव एका यादीत राहिले. शेवटी शेजारच्या एका म्हाताऱ्या आजींनी मला सोबत मंडळीत न्यायला सुरुवात केली, त्यांना शिबिराची गोष्ट माहीतही नव्हती. ताईंनी बैठकीत आवाहनाविषयी बोलावेच, पण ‘त्यानंतरच्या सोमवारी कोण जाणार?’ हा प्रश्नही तितक्याच जोराने विचारावा.

एक_बाबा

नमस्कार. आम्ही ख्रिस्ती नाही. माझी मुलगी शेजारच्या मैत्रिणीबरोबर अशा शिबिराला दोन वर्षे गेली, म्हणून पालकाच्या बाजूने लिहितो.

पहिल्या वर्षीच्या पत्रकावर खेळ, हस्तकला, गाणी आणि ‘मूल्यशिक्षण’ एवढेच होते. मुलगी आनंदाने परत आली आणि रात्री तिने मला विचारले, ‘बाबा, तुम्ही येशूला मानत नाही तर तुमचे काय होणार?’ मला राग आला तो तिने बायबलमधील गोष्टी ऐकल्या म्हणून नव्हे, कारण त्या तिने ऐकाव्यात असे मलाही वाटते. राग आला तो मला अंधारात ठेवले म्हणून आणि आठ वर्षांच्या मुलीला वडिलांच्या काळजीने रात्री झोप लागली नाही म्हणून. मी आयोजकांना जाऊन भेटलो. त्यांनी वाद घातला नाही, क्षमा मागितली आणि दुसऱ्या वर्षीच्या पत्रकावर स्पष्ट लिहिले की हे ख्रिस्ती शिबिर आहे, रोज बायबलमधील एक गोष्ट सांगितली जाईल आणि प्रार्थना होईल, प्रार्थनेत सहभागी व्हायचे की नाही हे मूल ठरवील आणि पालकांना कोणत्याही सत्राला येऊन बसता येईल. मी मुलीला पुन्हा पाठवले. एक दिवस मागे जाऊन बसलोही. गोष्ट छान सांगितली होती.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील १४ वे कलम मुलाच्या विचार, विवेक आणि धर्म यांच्या स्वातंत्र्याविषयी आहे. मुलाच्या वाढत्या समजुतीनुसार त्याला मार्गदर्शन करण्याचा पालकांचा हक्क व कर्तव्यही त्याच कलमात मान्य केले आहे. दोन्ही एकत्र लिहिलेले आहेत, हे मला योग्य वाटते. ताई, तुमच्या पहिल्या शिबिराचे पत्रक छापण्यापूर्वी एकदा माझ्यासारख्याच्या डोळ्यांनी वाचा. आणि घरच्यांविषयी भीती घालून मुलाकडून काहीही मिळवू नका, एवढी विनंती.

शिबिराची_परिचारिका

वरचे सर्व वाचले. माझ्या पेटीतील चार गोष्टी तेवढ्या सांगते.

प्रत्येक मुलाचा फॉर्म पहिल्या दिवसापूर्वी वाचून झाला पाहिजे: ॲलर्जी, दमा, फिट्स, रोजची औषधे, अंथरूण ओले होणे आणि दोन फोन क्रमांक. फॉर्म फाइलमध्ये असून उपयोग नाही. स्वयंपाकघरातील माणसाला ॲलर्जी असलेल्या मुलांची नावे आणि चेहरे ठाऊक हवेत. औषधे मुलांच्या पिशवीत न ठेवता एका व्यक्तीकडे कुलपात असावीत आणि कोणते, किती वाजता, कोणी दिले याची नोंद त्याच क्षणी व्हावी. दम्याचा पंप मात्र मुलाजवळ किंवा त्याच्या गटशिक्षकाजवळच हवा, कुलपात नव्हे.

उन्हाळ्यात मुले पाणी प्यायला विसरतात, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता प्रत्येक खेळाच्या मध्ये सर्वांना पाणी द्या. जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि क्षारसंजीवनीची पाकिटे संपली असतील, तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ हे प्रमाण भिंतीवर लिहून ठेवा. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त मीठ घातक असते. उन्हात खेळून आलेले मूल असंबद्ध बोलू लागले किंवा चक्कर येऊन पडले, तर तो उष्माघात समजून सावलीत नेणे, अंग पाण्याने ओले करून वारा घालणे आणि रुग्णवाहिका बोलावणे एकाच वेळी सुरू करा. प्रार्थना गाडीतही करता येते.

घरची आठवण हा आजार नाही, पण माझ्याकडे पोटदुखी म्हणून येणाऱ्या मुलांपैकी बरीच त्याचीच असतात. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २००७ मध्ये या विषयावर मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यातील एक सल्ला पालकांना आधीच कळवण्यासारखा आहे: ‘करमले नाही तर आम्ही लगेच न्यायला येऊ’ असे वचन मुलाला देऊन पाठवू नका. त्या वचनामुळे मूल पहिल्या दिवसापासून दाराकडे डोळे लावून बसते. रडणाऱ्या मुलाला ‘रडू नकोस’ म्हणण्याऐवजी घरी आत्ता कोण काय करत असेल ते विचारा आणि मग त्याला एखादे छोटे काम द्या. माझ्या पट्ट्या मोजून देणारे मदतनीस असे कितीतरी झाले आहेत.

नवखी_सेविका

सर्वांचे मनापासून आभार. काल बैठक झाली. मी तीन हातांची गोष्ट सांगितली आणि कोणी रागावले नाही. गोष्ट सांगणारे दादा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले की त्यांचे पाच हात आहेत. झाडाखाली दोन शिक्षक बसवायचे आणि लाजाळू मुलांसाठी एक पेटी ठेवायची, ज्यात मूल आपला प्रश्न किंवा प्रार्थना लिहून टाकील, असे ठरले. आकडा अहवालात वाचायचा की नाही यावर एकमत झाले नाही. ते वडीलमंडळींसमोर जाणार आहे. ‘सोमवारी कोण जाणार’ या प्रश्नावर तर बैठक अर्धा तास लांबली आणि शेवटी तेथील मंडळीतील दोन संडे स्कूल शिक्षिकांना पहिल्या दिवसापासूनच टीममध्ये घेण्याचे ठरले, म्हणजे आम्ही परतल्यावर मुलांना ओळखणारे कोणीतरी तेथे राहील. पत्रकातील ‘मूल्यशिक्षण’ हा शब्द मी स्वतः खोडला.

पेटीचे ठरल्यावर मात्र नवीच भीती सुरू झाली. समजा, एखाद्या मुलाने त्यात लिहिले, किंवा मला रात्री सांगितले, की घरी कोणी त्याला त्रास देते, आणि ‘ताई, कोणाला सांगू नका’ असेही म्हटले, तर मी काय करायचे?

तेरा_उन्हाळे

ही भीती शिबिरानंतर नव्हे, आधी वाटली हे फार बरे झाले.

गुप्ततेचे वचन देऊ नका, मूल कितीही रडले तरी. माझे शब्द साधारण असे असतात: ‘तू मला सांगितलेस ते फार चांगले केलेस. तुझी यात काही चूक नाही. तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला हे एका माणसाला सांगावे लागेल, पण मी ते सगळ्यांना सांगत फिरणार नाही.’ त्यानंतर ऐका. ‘त्याने तुला येथे हात लावला का?’ असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नका. ‘मग काय झाले?’ एवढे पुरे, आणि मूल थांबले की तुम्हीही थांबा. चौकशी करणे हे आपले काम नाही; आपल्या उत्साही प्रश्नांमुळे पुढे खऱ्या तपासात मुलाची साक्ष कमकुवत होऊ शकते. चेहऱ्यावर धक्का दिसू देऊ नका, कारण तो पाहून मूल आपले बोलणे मागे घेते.

मूल झोपायला गेल्यावर लगेच, त्याच रात्री, त्याने वापरलेल्या शब्दांतच लिहून काढा, तारीख, वेळ आणि स्वतःचे नाव घालून. शब्द सुधारू नका, अर्थ लावू नका. तो कागद टीमने बालसंरक्षणासाठी नेमलेल्या व्यक्तीच्या हाती द्या. अशी व्यक्ती अजून नेमली नसेल तर पुढच्या बैठकीचा पहिला विषय तोच ठेवा. तिने त्या ठिकाणच्या कायद्यानुसार बालसंरक्षण यंत्रणेला किंवा पोलिसांना कळवायचे असते. आरोप टीममधीलच कोणावर असेल, किंवा त्या नेमलेल्या व्यक्तीवरच असेल, तर तिला वगळून तुम्ही स्वतः थेट यंत्रणेकडे जा. मंडळीची अब्रू, घराची अब्रू, ‘आधी आपसात बसून बोलू’ ही वाक्ये तुम्हाला ऐकू येतील, आणि ती बोलणारी माणसे वाईट असतीलच असे नाही; स्माइथच्या बाबतीतही कागद कपाटात ठेवणाऱ्यांना आपण योग्यच करत आहोत असे वाटले असावे. ज्याच्याविषयी मुलाने सांगितले त्याला जाऊन जाब विचारू नका आणि मुलाला घरी पाठवायची वेळ येण्याआधी यंत्रणेचा सल्ला मिळालेला असू द्या.

दुसऱ्या दिवशी ते मूल तुमच्याकडे पाहील; काल सांगितल्यामुळे ताई बदलली का, हे ते तपासत असते. त्याला नेहमीसारखी नावाने हाक मारा, नेहमीच्या जागी बसवा. पेटीविषयी एक सूचना: ती रोज संध्याकाळी, दोघींनी मिळून उघडायची, शिबिर संपल्यावर नव्हे.